कोळशाची पारख, शेगडी आणि उघडे दार

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. आम्ही बँकेतले कारकून. दिवसभर खतावणी, पासबुके आणि चलने यांत बुडालेले. शिक्षण कला शाखेचे. विद्वत्तापूर्ण विषयावर लिहिणारी माणसे संस्थेत पुष्कळ आहेत. मग विचार केला की, ज्या गोष्टीने आमच्या घरातील दोन जीव जाता जाता वाचले, तिच्याविषयीच का लिहू नये? ती गोष्ट म्हणजे कोळशाची शेगडी. विषय साधा आहे, घरगुती आहे. परंतु साध्या विषयातले अज्ञान कधी कधी फार महाग पडते. म्हणून कोळसा कसा निवडावा, शेगडी कशी पेटवावी आणि तिच्यापासून कसे सावध राहावे, हे सभासद बंधू-भगिनींसमोर व विद्यार्थी मित्रांसमोर क्रमाने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

एक प्रसंग

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण आमच्याकडे झाले. थंडीचे दिवस होते. आपल्याकडील रीतीप्रमाणे बाळंतिणीला व बाळाला शेक द्यायचा म्हणून आईने कोळशाची शेगडी पेटवून बाजेखाली ठेवली. निखाऱ्यांवर ओवा आणि शेपा टाकून धुरी दिली. वारा बाधेल म्हणून दार लावून घेतले आणि खिडकीच्या फटीत जुनी गोधडी कोंबली. शेक झाल्यावर शेगडी बाहेर काढायची, ती ऊब बरी वाटते म्हणून तशीच राहिली.

पहाटे बहिणीचे डोके भयंकर दुखू लागले. उलटी झाली. उठून बसावे तर पायांत बळ नाही. बाळ दूध ओढीना, हाक मारली तरी हालचाल करीना. आत्याने लगेच मीठ-मोहरी ओवाळायला घेतली. नजर लागली, बाहेरचे काही झाले, अशी कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात गलका ऐकून शेजारचे काका आले. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. तरुणपणी वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. त्यांनी उंबऱ्यातूनच ओरडून सांगितले, "वहिनी, ते मीठ-मोहरी राहू द्या, आधी दार उघडा!" आणि स्वतः आत शिरून शेगडी फरफटत अंगणात नेली. बहिणीला व बाळाला ओसरीवर आणले. जीप मिळवून दोघांना दवाखान्यात नेले. तिथे प्राणवायू लावला. आणखी तासभर उशीर झाला असता तर हाती काही लागले नसते, असे डॉक्टरांनी सांगितले.

ते बाळ म्हणजे आमची भाची. आज ती दहावीत आहे. काकांच्या त्या चार शब्दांचा अर्थ पुढे आम्ही पुस्तके चाळून, जाणत्यांना विचारून समजून घेतला. या लेखात जे आहे ते त्यातूनच आलेले आहे.

कोळसा येतो कोठून?

आमचे जेऊर हे करमाळा तालुक्यातील, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशनाचे गाव. १८६० साली हा लोहमार्ग सोलापूरपर्यंत पोचला आणि त्याबरोबर दगडी कोळसाही या माळरानावर आला. इंजिनातून पडलेला अर्धवट जळका कोळसा रुळांच्या कडेने वेचून पाटीत घालून आणायचा आणि त्यावर भाकरी भाजायची, असे दिवस आमच्या आजीने काढले. अंधारात रुळ ओलांडण्याचा धोका पत्करूनच ते चाले. आजी म्हणे, "इंजिनानं टाकलं आणि आम्ही उचललं, म्हणून तुम्ही जगलात."

जळणासाठी घरात येणारा कोळसा दोन प्रकारचा. एक लाकडी आणि दुसरा दगडी.

दगडी कोळसा खाणीतून निघतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून तो झाला. आपल्या महाराष्ट्रात तो विदर्भात सापडतो. चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यातील वणी, नागपूरजवळचे कामठी व उमरेड ही त्याची ठिकाणे होत. १९७० च्या दशकाच्या आरंभी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून विदर्भातील खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत. हा कोळसा मुख्यतः औष्णिक वीज केंद्रांत जातो. आपल्याकडील दगडी कोळशात राखेचे प्रमाण फार. कच्चा दगडी कोळसा जळताना काळा, डांबरट धूर आणि गंधकाचा उग्र वास येतो. म्हणून धुराडे नसलेल्या घरात तो मुळीच वापरू नये. हाच कोळसा हवा न लागू देता तापवला की त्यातील धूर करणारे पदार्थ निघून जातात आणि कोक उरतो. पूर्वी शहरांतल्या चाळींतून शेगडीला कोकही वापरीत.

लाकडी कोळसा मात्र आपल्या आसपासच तयार होतो. उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या फुगवट्याच्या कडेने, ओढ्यांत आणि पडीक रानांत वेडी बाभूळ माजली आहे. तिचे लाकूड तोडून रचतात, वरून पालापाचोळा आणि मातीचा थर देतात आणि आत बेताची हवा जाईल अशी भोके ठेवून पेटवतात. ही कोळशाची भट्टी. काही दिवस ती धुमसत राहते. लाकडातील पाणी आणि धूर होणारे पदार्थ निघून जातात व कोळसा उरतो. एक किलो कोळशासाठी साधारण चार ते सहा किलो लाकूड लागते.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. या भट्ट्यांवर राबणारी माणसे पुष्कळदा रायगड जिल्ह्यातील कातकरी समाजाची असतात. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. पावसाळा संपला की मुकादमाकडून उचल घेऊन सारे कुटुंब घराबाहेर पडते. पुरुष लाकूड तोडतो, बाई भट्टी रचते, कोळसा उकरते, पोती भरते, आणि मुले शाळेऐवजी भट्टीच्या धुरात वाढतात. उचल फिटत नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तेच. वेठबिगार पद्धत नष्ट करणारा कायदा १९७६ सालचा आहे. उचलीपोटी कोणाला भट्टीवर अडकवून ठेवले असेल, तर तो गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तहसीलदार वा जिल्हाधिकारी यांच्याकडे करता येते. विद्यार्थी मित्रांनी हे ध्यानात ठेवावे. कोळशाचे पोते उघडताना ते कोणाच्या हातांनी भरले, हा प्रश्न ज्यांच्या आज्यांनी रुळांवर कोळसा वेचला, त्यांना तरी पडलाच पाहिजे.

कोळशाची पारख

पूर्वी पेढीवर रुपया घेताना तो दगडावर वाजवून घेत. बद्द वाजला की खोटा. कोळशाचेही बरेचसे तसेच आहे. वखारीतून वा इस्त्रीवाल्याच्या ओळखीने लाकडी कोळसा घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) आवाज. दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत. पक्का कोळसा काचेसारखा खणखणीत वाजतो. बद्द आवाज आला तर कोळसा ओला आहे किंवा कच्चा आहे.

२) रंग. तुकडा मोडून पाहावा. आतून काळाभोर व चकचकीत असेल तर तो नीट भाजलेला आहे. आत तपकिरी छटा दिसली किंवा लाकूडच दिसले, तर तो अर्धवट जळलेला आहे. असा तुकडा शेगडीत धूर करतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो.

३) वजन. आकाराच्या मानाने फार जड लागला तर पाण्याचा संशय घ्यावा. कोळसा वजनावर विकला जातो, त्यामुळे पोत्यावर पाणी मारण्याचा मोह काहींना होतो. आपण पाण्याला कोळशाचा भाव देतो आणि वर ते पाणी वाळवण्यात काही उष्णता घालवतो.

४) चुरा. पोते वरून न पाहता तळाशी हात घालून पाहावे. वर मोठे तुकडे आणि खाली भुगा, हा जुना प्रकार आहे. भुगा थेट शेगडीत घातला तर जाळी बुजते व हवा कोंडते. मात्र तो टाकून देऊ नये. शेण किंवा चिकणमाती कालवून त्याचे लाडवाएवढे गोळे करावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. मंद आचेला ते फार उपयोगी पडतात.

५) लाकूड कोणते? बाभूळ, वेडी बाभूळ, चिंच अशा जड लाकडाचा कोळसा सावकाश जळतो आणि निखारा टिकतो. मऊ लाकडाचा कोळसा लवकर पेटतो, पण लवकर संपतो. रंग दिलेल्या चौकटी, जुने फर्निचर, डांबर लावलेले रेल्वेचे स्लीपर यांचा कोळसा स्वयंपाकाला कधीही वापरू नये. त्यातील विषारी द्रव्ये धुरातून पोटात व फुफ्फुसात जातात.

उष्णतेचा हिशेब सांगायचा तर, एक किलो वाळल्या लाकडापासून साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते, तर एक किलो चांगल्या लाकडी कोळशापासून ७,००० च्या आसपास. म्हणजे किलोला किलो कोळसा दुप्पट काम देतो. परंतु त्या एका किलोसाठी चार ते सहा किलो लाकूड गेलेले असते, हेही विसरू नये.

शेगडी पेटवण्याची रीत

शेगडी लोखंडी असो वा मातीचा लेप दिलेल्या बादलीची, तिची रचना एकच. वर कोळशाची जागा, मध्ये जाळी, खाली राखेची पोकळी आणि त्या पोकळीला हवा घेणारे तोंड. शेगडी पेटत नाही अशी तक्रार असते, तेव्हा दहापैकी आठ वेळा दोष कोळशाचा नसून बुजलेल्या जाळीचा असतो.

पेटवण्याचे काम नेहमी उघड्यावर करावे, अंगणात किंवा गच्चीवर. प्रथम जुनी राख पूर्ण काढावी आणि जाळीची भोके मोकळी करावीत. शेगडीचे तोंड वाऱ्याच्या दिशेला करावे. जाळीवर वाळलेल्या तुराट्यांचे किंवा पऱ्हाट्यांचे तुकडे, नारळाची शेंडी, करवंटी किंवा गोवरीचा तुकडा ठेवावा. त्यावर कोळशाचे बारीक तुकडे सैल रचावेत. दाबून भरू नयेत. तुकड्यांमधून हवा वर आली पाहिजे. खालून काडी लावावी. बारीक तुकड्यांनी विस्तव धरला की मग मोठे तुकडे घालावेत. तोंडाशी सुपाने किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. फुंकणीने फुंकताना चेहरा बाजूला ठेवावा. साडीचा पदर, ओढणी खोचून घ्यावी.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. एक, धुमसत्या शेगडीवर वरून रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नये. त्याची वाफ क्षणात भडकते आणि ज्वाळा हातातील बाटलीपर्यंत येते. दुसरी, प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून शेगडी पेटवू नये. तो धूर विषारी असतो.

पंधरा-वीस मिनिटांत धूर थांबतो, कोळसे लाल होतात आणि त्यांच्यावर राखेचा पांढरा पातळ थर धरतो. आता शेगडी स्वयंपाकाला तयार झाली. भाकरी शेकावी, वांगी भाजावीत, पाणी तापवावे. मात्र हे सारे मोकळ्या जागेत, नाहीतर दार-खिडक्या सताड उघड्या ठेवून.

आणि इथेच माणूस फसतो. धूर थांबला म्हणजे धोका संपला, असे वाटते. आमच्या आईलाही तसेच वाटले होते.

न दिसणारा वायू

मागच्या वर्षी भाचीने विचारले, "मामा, शेगडीवर कधी कधी निळी ज्योत नाचते, ती कशाची?" प्रश्न लहान आहे, पण सारे मर्म त्यात आहे.

कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन. त्याला भरपूर हवा मिळाली की कार्बन डायऑक्साईड तयार होतो. शेगडीच्या तळाशी, जिथे हवा आत येते, तिथे हेच घडते. पण तो वायू वर चढताना लालभडक कोळशांच्या थरातून जातो. तिथे प्राणवायू उरलेला नसतो आणि तापलेला कार्बन मात्र भरपूर असतो. त्या कार्बनशी संयोग होऊन कार्बन मोनॉक्साईड हा दुसरा वायू तयार होतो. वर आल्यावर त्याला हवा मिळाली आणि उष्णता पुरेशी असली तर तो पेटतो. तीच ती निळी ज्योत. न पेटलेला वायू मात्र तसाच खोलीत पसरतो. ज्योत दिसत नाही म्हणजे वायू नाही, असेही नव्हे. शेगडी मंदावली, राखेने झाकली गेली की तो न जळताच बाहेर पडत राहतो.

या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. लाकडाचा धूर निदान ओरडून सांगतो की बाहेर जा. हा काहीच सांगत नाही. श्वासावाटे तो रक्तात जातो. रक्तातील हिमोग्लोबिनचे काम प्राणवायू वाहून नेण्याचे. परंतु कार्बन मोनॉक्साईडची हिमोग्लोबिनशी जवळीक प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी जास्त आहे. तो जागा अडवून बसतो आणि प्राणवायूला जागाच उरत नाही. क्लॉड बर्नार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही गोष्ट उलगडली. पुढे १८९० च्या दशकात जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले. खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची प्रथा त्याच्याच सूचनेतून आली. लहान जीव भराभर श्वास घेतो, म्हणून त्याला विषबाधा आधी होते. पक्षी पिंजऱ्यात कोसळला की मजूर बाहेर पळत. ब्रिटनच्या खाणींत १९८६ पर्यंत हे पक्षी होते.

आता थोडा हिशेब करू. हिशेब हा आमचा रोजचा धंदा आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली धरा. तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा मावते. सोयीसाठी कोळसा शुद्ध कार्बन मानला, तर एक किलो कोळसा पूर्ण जळायला सुमारे २.६७ किलो प्राणवायू लागतो. तेवढा प्राणवायू साधारण १० घनमीटर हवेत असतो. म्हणजे एक किलो कोळसा बंद खोलीतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक हवेचा प्राणवायू खाऊन टाकतो.

याहून भयंकर हिशेब पुढे आहे. त्या किलोपैकी फक्त शंभरावा भाग, म्हणजे १० ग्रॅम कार्बन, मोनॉक्साईडच्या रूपाने बाहेर पडला असे धरा. त्यापासून सुमारे २३ ग्रॅम वायू होतो. २८ घनमीटरमध्ये तो पसरला तर दर घनमीटरला सुमारे ८२० मिलिग्रॅम झाला. जागतिक आरोग्य संघटनेने एका तासासाठी घालून दिलेली मर्यादा दर घनमीटरला ३५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेच्या वीस पटींहून अधिक! एवढ्या वायूत तासाभराच्या आत डोके दुखते, मळमळते, आणि दोन-तीन तासांत माणूस दगावू शकतो. प्रत्यक्षात शेगडीतून शंभराव्या भागापेक्षा कितीतरी जास्त मोनॉक्साईड निघतो. विद्यार्थ्यांनी आपापल्या खोलीचे माप घेऊन हा हिशेब स्वतः मांडून पाहावा.

बाळंतिणीची खोली

या हिशेबात बाळंतिणीची खोली सर्वांत वाईट. खोली लहान, दार बंद, फटी बुजवलेल्या, शेगडी बाजेखाली आणि बाजेवर नुकतीच बाळंत झालेली अशक्त माता. शेजारी मोठ्या माणसापेक्षा कितीतरी भराभर श्वास घेणारे तान्हे बाळ. त्या खोलीत कॅनरी पक्ष्याच्या जागी आपण आपले बाळ ठेवतो. कळत नसते म्हणून ठेवतो.

शेकाची रीत आपल्या आई-आज्यांनी मायेपोटीच चालवली. कुडाच्या भिंती आणि गवताच्या छपराच्या घरात पूर्वी हवा आपोआप खेळत होती. छपरातून धूर जाई, फटींतून वारा येई. आज सिमेंटच्या भिंती, स्लॅब आणि घट्ट बसणारी दारे आली. घर बदलले, पण शेगडी तीच राहिली. दोष आईचा नाही, पण आता जाणून घेतल्यानंतर तेच करणे हा मात्र दोष ठरेल.

बाळाला ऊब हवी असेल तर ती आईच्या अंगाची उत्तम. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे. डोक्याला टोपडे, पायांत मोजे घालावेत. बाळंतिणीला शेकावेसे वाटले तर विस्तव खोलीत नेऊ नये. गरम पाण्याची पिशवी वापरावी, किंवा बाहेर तापवलेल्या कापडाची घडी आधी स्वतःच्या गालाला लावून पाहून मग द्यावी. ओवा-शेपाची धुरी बाळाला नकोच. त्याची फुफ्फुसे फार कोवळी असतात. खोलीची एक खिडकी सदैव उघडी ठेवावी.

हाच नियम इतर ठिकाणीही लागू आहे. थंडीत पहाटे अभ्यासाला बसणारी मुले खोलीत घमेल्यात निखारे ठेवतात. कोंबड्यांच्या शेडमध्ये पिलांना ऊब म्हणून शेगडी ठेवतात आणि राखणदार तिथेच झोपतो. ट्रकच्या केबिनमध्ये, तंबूत, पाल्यावर निखाऱ्याचे भांडे घेऊन झोपणारी माणसे आहेत. इतकेच काय, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात बसवलेल्या गॅसच्या गिझरनेही हाच वायू तयार होऊन माणसे दगावली आहेत. नावे वेगळी, वायू एकच.

लक्षणे आणि तातडीचे उपाय

विस्तव असलेल्या खोलीत डोके जड होणे, मळमळ, उलटी, भोवळ, छातीत धडधड, हातापायांतले बळ जाणे, झोपेची गुंगी येणे, यांपैकी काहीही झाले तर ते या वायूचे समजावे. एकाच खोलीतील दोघातिघांना एकदम त्रास होऊ लागला तर शंकाच नको.

१) प्रथम दार-खिडक्या उघडाव्यात. श्वास रोखून आत जावे आणि माणसाला उघड्यावर आणावे.
२) शेगडी बाहेर काढावी. पण आधी माणूस, मग शेगडी.
३) ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात न्यावे. प्राणवायू हेच त्यावरचे औषध आहे.
४) डॉक्टरांना "बंद खोलीत शेगडी होती" हे वाक्य आवर्जून सांगावे. त्यामुळे निदान लवकर होते.
५) श्वास थांबला असेल आणि कृत्रिम श्वास देण्याचे शिक्षण घेतलेले कोणी असेल, तर त्यांनी तो देत राहावा.
६) कांदा हुंगवणे, ओवाळणे, अंगारा लावणे यांत एक मिनिटही घालवू नये. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरी ठेवू नये.

शेगडी विझवताना

काम संपल्यावर शेगडी रात्रभर धुमसत ठेवू नये. निखाऱ्यांवर एकदम पाणी ओतू नये, तापलेली वाफ उसळून हात-तोंड भाजते. चिमट्याने निखारे उचलून घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात घालावेत आणि डबा बाहेरच ठेवावा. हवा न मिळाल्याने ते विझतात व दुसऱ्या दिवशी पुन्हा उपयोगी पडतात, वर लवकर पेटतात. राख दिसायला थंड वाटली तरी तिच्या पोटात विस्तव असतो. ती लगेच उकिरड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकू नये.

समारोप

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्या वस्त्यांतील पुष्कळ घरांत गॅस आला. ज्यांना परवडतो त्यांनी तोच वापरावा. तरीही सिलिंडर संपला, पैसे हाती नाहीत, घरात बाळंतपण आहे, कार्यक्रमाचा स्वयंपाक आहे, अशा वेळी शेगडी बाहेर निघतेच. म्हणून तिच्याविषयीचे ज्ञान जुने झालेले नाही.

आमच्या घरात त्या पहाटे दोन समजुती समोरासमोर उभ्या होत्या. एकीच्या मते बाहेरून काहीतरी आत आले होते, म्हणून ओवाळायचे. दुसरीच्या मते आतले काहीतरी बाहेर जात नव्हते, म्हणून दार उघडायचे. फायरमन काकांनी कारण ओळखले, म्हणून उपाय सापडला. घटना घडली की तिचे कारण शोधावे, कारण दूर केले की परिणाम दूर होतो, हे आपण विहारात पुष्कळदा ऐकतो. ते स्वयंपाकघरात आणि बाळंतिणीच्या खोलीतही तितकेच खरे आहे.

संस्थेच्या महिला मंडळाला आमची नम्र सूचना आहे की, वस्तीत कोणाकडे बाळंतपण असेल तिथे थंडीच्या दिवसांत एकदा जाऊन यावे आणि शेगडी कोठे ठेवली आहे, एवढे पाहावे. विद्यार्थ्यांनी या लेखातील हिशेब आपल्या घरी मोठ्याने वाचून दाखवावा. आजी रागावेल, "आम्ही नाही का वाढवली पोरं?" म्हणेल. तिच्याशी वाद घालू नये. तिच्या शेजारी बसावे, तिचे ऐकून घ्यावे आणि उठताना खिडकी उघडून यावे.

काका आता हयात नाहीत. पण आमच्या घरात थंडीत कोणी दार ओढून घेऊ लागले की भाचीच म्हणते, "मामा, आधी दार उघडा!" एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.